चार हजारांवर दम सोडते, सहा हजारांवर परत धरते

वाचकाचं पत्र:

'नमस्कार. माझ्याकडे २००६ची माझदा आरएक्स-८ आहे, सहा गिअरची मॅन्युअल. परदेशातून आणलेली, मी दुसऱ्या मालकाकडून घेतली. पासिंग एमएच-४३. ऐरोलीत सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये असते. पावसाळाभर कव्हर घालून उभी होती, अधूनमधून दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करायचो. दिवाळीच्या तोंडावर बाहेर काढली आणि तेव्हापासून हा त्रास. आयडलिंग छान. साडेतीन हजार आरपीएमपर्यंत तक्रार नाही. चार हजारांच्या पुढे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मागून कुणी धरून ठेवल्यासारखी होते. झटके नाहीत, मिसिंग नाही, नुसती ओढत नाही. सव्वासहा हजारांच्या आसपास पुन्हा जीव येतो. गंमत म्हणजे मधल्या टप्प्यात पाय अर्धा उचलला की उलट बरी चालते. चेक इंजिनचा लाइट नाही. गरम असतानाही सेल्फ मारला की लगेच सुरू होते. प्लग बदलले, चारही कॉइल बदलल्या (ऑनलाइन, स्वस्तातल्या), एअर फिल्टर नवा टाकला. फरक शून्य. एका गॅरेजने कॉम्प्रेशन बघून "८५ येतंय, सील गेले, इंजिन खोलावं लागेल" म्हणून काही लाखांचा अंदाज दिलाय आणि टोकन मागतायत. बाबा म्हणतात, भंगारात काढ. काय करू?'

उत्तर:

टोकन देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात सगळ्यात मोलाची ओळ कॉम्प्रेशनच्या आकड्याची नाही. 'सव्वासहा हजारांच्या आसपास पुन्हा जीव येतो' ही आहे. तिच्या खालोखाल 'पाय अर्धा उचलला की बरी चालते' ही. या दोन गोष्टी तुम्ही गॅरेजमध्ये सांगितल्या होत्या का? सांगितल्या असल्या तरी कुणी कानावर घेतल्या नसाव्यात. तुमच्या गाडीचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो त्या जातीचं. रोटरी म्हटलं की 'सील गेले', म्हणजे रोटरच्या कडांच्या पट्ट्या झिजल्या, हे निदान गाडी आत यायच्या आधीच तयार असतं. सगळा दोष त्या मेकॅनिकचाही नाही. माझदाने आपल्याकडे अधिकृतपणे कधी कार विकल्याच नाहीत. त्यामुळे ना शोरूम, ना ट्रेनिंग, ना सर्व्हिस मॅन्युअल. वागळे इस्टेट काय किंवा तुर्भे काय, आयुष्यभर पिस्टनची इंजिनं खोललेल्या माणसापुढे ही गाडी येते आणि तो त्याला माहीत असलेल्या पद्धतीने तिच्याकडे बघतो. पण त्याची भरपाई तुम्ही का करायची?

कुठल्याही गाडीची ताकद कमी झाली की पार्ट बदलायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते. ती ताकद नेमकी कशाबरोबर जाते? आरपीएमबरोबर, पाय किती दाबला त्याबरोबर, की इंजिन किती तापलं त्याबरोबर? तुम्ही प्लग, कॉइल आणि फिल्टर बदलून बसलात, पण हा प्रश्न कुणी विचारला नाही. साप म्हणून भुई धोपटणं झालं ते. तुमच्या पत्रातून मात्र उत्तर बरंचसं निघतं. ताकद एका ठरावीक आरपीएमला जाते, ठरावीक आरपीएमला परत येते, आणि मधल्या टप्प्यातही ती फक्त पाय पूर्ण दाबल्यावरच जाते. आता एकेका संशयिताला यावर घासून बघू.

पहिला संशयित कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनाच्या चेंबरमध्ये हवा किती दाबली जाते ते. सील खरोखर झिजले तर गाडी खालपासूनच मंद होते, आयडलिंग हलतं, आणि सगळ्यात ठळक खूण म्हणजे गरम इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करताना नाकी नऊ येतात. तुमची गरम असताना लगेच सुरू होते. आणि झिजलेले सील ४००० ते ६२०० एवढ्याच टप्प्यात झिजलेले नसतात. ८५च्या आकड्याकडे मी पुढे येतो, तो सोडून देण्यासारखा नाही. पण या तक्रारीचं कारण तो वाटत नाही.

दुसरा, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा. आरएक्स-८मध्ये हा नेहमीचा गुन्हेगार. कॉइल कमजोर झाल्या की न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जातं, तिथे पेटतं, आणि आतला मधाच्या पोळ्यासारखा भाग वितळून वाट बंद होते. पण वाट बंद झाली तर जितके आरपीएम वाढतील तितका गळा जास्त आवळला जातो. सहा हजारांनंतर सुटका होत नाही. पेट्रोल पंपाचंही तेच. कमजोर पंप वर वर जाताना कमी पडतो, कारण मागणी वाढत जाते. तुमची गाडी वर गेल्यावर सुधारते, म्हणजे हे दोघेही मागच्या बाकावर. खात्रीच करायची तर कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला तीन पीएसआयच्या वर गेलं तर वाट अडलेली समजा. संशय नसेल तर ते आटे आत्ता हलवू नका, जुने सेन्सर सहज निघत नाहीत आणि निघताना आटे घेऊन निघतात.

कॉइल हा प्रश्न थोडा वेगळा आहे, त्यावर जरा थांबतो. रोटरीत प्रत्येक रोटर मुख्य शाफ्टच्या दर फेऱ्याला एकदा पेट घेतो. नेहमीच्या चार-स्ट्रोक पिस्टनला दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी लागते, इथे कॉइलला त्याच्या दुप्पट काम. सहा हजार आरपीएमला सेकंदाला शंभर ठिणग्या, त्याही बाजूला तापलेल्या इंजिनाची धग खात. म्हणून या गाडीच्या कॉइल पन्नासेक हजार किलोमीटरला बदलायच्या वस्तू समजल्या जातात. आणि कमजोर कॉइल मधल्या टप्प्यात उघडी पडू शकते. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क ५५०० आरपीएमला येतो. तिथे चेंबर सगळ्यात जास्त भरतो, आणि भरलेल्या चेंबरमध्ये ठिणगी पाडायला कॉइलला सगळ्यात जास्त जोर लागतो. अर्ध्या पायावर चेंबर कमी भरतो, ठिणगी पडते, गाडी चालते. म्हणजे कागदावर कॉइल तुमच्या तक्रारीत बसते. मग मी तिला का सोडतोय? तुम्ही लिहिलंय, 'झटके नाहीत, मिसिंग नाही, नुसती ओढत नाही'. ठिणगी चुकली की गाडी ठेचकाळते, मागच्या सीटवरच्यालाही कळतं. हवा कमी मिळाली की ती निमूटपणे मंद होते. तुमची निमूटपणे मंद होते.

तरीही एक काम आत्ताच करा. जुन्या कॉइल फेकल्या नसतील तर जपून ठेवा. स्वस्तातल्या नकली कॉइल पहिल्याच महिन्यात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत, आणि 'नवीन टाकलंय' म्हणून माणूस तिकडे पुन्हा बघतच नाही. आणि पुढचं डावं चाक काढून प्लग नीट लागलेत का ते पाहा. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात. खालचा लीडिंग, वरचा ट्रेलिंग. दोन्ही दिसायला भाऊ-भाऊ, पण हीट रेंज वेगळी. मूळ एनजीकेच्या प्लगवर नंबराच्या शेवटी एल किंवा टी असतं. चारही सारखेच समजून लावणारे फिटर आहेत.

आता हवेकडे. तुमचं इंजिन रेनेसिस, १३०८ सीसी, दोन रोटर. सहा गिअरची मॅन्युअल म्हणजे सहा पोर्टवालं. प्रत्येक रोटरला हवा आत यायला तीन पोर्ट आहेत, आणि ते सगळे एकदम उघडे नसतात. कमी आरपीएमला फक्त प्रायमरी पोर्टमधून हवा जाते, म्हणजे तिचा वेग टिकतो आणि शहरात गाडी गुळगुळीत चालते. साधारण ३७५० आरपीएमला दुसऱ्या पोर्टच्या वाटेवरची झडप उघडते. तिला सेकंडरी शटर व्हॉल्व्ह म्हणतात, सगळे एसएसव्ही म्हणतात. साधारण ६२५०ला तिसऱ्या, म्हणजे ऑक्झिलरी पोर्टचे व्हॉल्व्ह फिरतात. साधारण ७२५०ला आणखी एक झडप उघडून मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, हवेच्या लाटांचा फायदा घेते.

हे तीन आकडे तुमच्या पत्राशेजारी ठेवून बघा. चार हजारांच्या जरा आधी जे उघडायला हवं ते उघडत नाही, म्हणून गाडी बसते. सव्वासहा हजारांना जे उघडतं ते उघडतं, म्हणून ती उठते. ऑक्झिलरी पोर्टचे व्हॉल्व्ह इलेक्ट्रिक मोटरवर चालतात, एसएसव्ही व्हॅक्यूमवर, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर. दोघांची यंत्रणा वेगळी, म्हणून एक आजारी आणि दुसरा ठणठणीत असू शकतो. त्यात भर म्हणजे सेकंडरी इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारी दुसरी जोडी, याच सुमारास कामाला लागतात. हवा आलीच नाही आणि पेट्रोल मात्र आलं, तर मिश्रण जाड होतं आणि मंदपणा आणखी वाढतो.

एसएसव्ही बंद राहायची नेहमीची दोन कारणं. एक म्हणजे कार्बन. रोटरी मुद्दामच थोडं ऑइल जाळते, त्याची वाफ आणि काजळी मॅनिफोल्डमध्ये बसते, झडपेचा दांडा चिकटतो. गाडी उभी राहिली, दोन-दोन मिनिटं थंड चालवून बंद केली, की हे लवकर होतं. पण दांडा चिकटला असता तर अर्ध्या पायावरही गाडी तशीच बसली असती. चिकटलेल्या झडपेला तुमचा पाय किती दाबलाय याच्याशी काय देणंघेणं?

म्हणून माझा रोख दुसऱ्या कारणावर आहे. पाय पूर्ण दाबला की थ्रॉटल, म्हणजे हवेची मुख्य झडप, उघडतो आणि मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो. पण एसएसव्ही ओढायला तर व्हॅक्यूम लागतो, आणि तो नेमका त्याच क्षणी नसतो. माझदाच्या लोकांनी यावर उपाय केलाय. दुपारी पाणी जाणार म्हणून सकाळी पिंप भरून ठेवतो, तशी एक छोटी व्हॅक्यूमची टाकी मॅनिफोल्डजवळ आहे, आणि तिच्या वाटेवर एक वन-वे व्हॉल्व्ह, म्हणजे साठवलेलं परत जाऊ नये. हा व्हॉल्व्ह फुटला, उलटा लागला किंवा टाकीच्या पाइपला चीर पडली की साठा उरत नाही. अर्ध्या पायावर इंजिनाचा स्वतःचा व्हॅक्यूम असतो, त्यावर झडप ओढली जाते आणि गाडी चालते. पूर्ण पायावर इंजिनाकडे व्हॅक्यूम नाही, टाकीतही नाही, झडप बंद. तुमची तक्रार अक्षरशः हीच आहे.

आणि चीर कुणी पाडली असेल? स्टिल्ट पार्किंग, पावसाळाभर कव्हर, खाडीकाठची वस्ती. कव्हरखाली उबदार कोरडी जागा मिळाली की उंदीर बॉनेटमध्ये घर करतात. पातळ रबरी पाइप आणि वायरचं आवरण ही त्यांची आवडती खाद्यं. बॉनेट उघडल्यावर आधी लेंड्या, कुरतडलेला स्पंज, चिंध्या दिसतात का बघा. उंदीर नसला तर वय आहेच. वीस वर्षांचे रबरी पाइप उष्णतेने कडक होतात, टोकाला भेगा पडतात. हाताने जरा वाकवला की भेग तोंड उघडते, एरवी दिसत नाही.

'पण चेक इंजिनचा लाइट नाही,' हे तुम्ही जणू चारित्र्याचा दाखला म्हणून लिहिलंय. सॉलेनॉइडची, म्हणजे व्हॅक्यूमची वाट उघडणाऱ्या विजेवरच्या छोट्या व्हॉल्व्हची, वायर तुटली तर ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, विजेचा फरक कळतो. रबरी पाइपला चीर पडली हे त्याला दरवेळी कळेलच असं नाही. लाइट नसणं म्हणजे वायरिंग बहुधा शाबूत आहे, इतकंच.

आता तपासणी. शनिवार-रविवारात, सोसायटीच्या पार्किंगमध्येच बरंच होईल.

इंजिन गरम करा. इनटेक मॅनिफोल्डच्या पुढच्या टोकाला एक चपटी गोल डबी दिसेल, तिच्यात एक पातळ पाइप जातो आणि तिच्यातून एक छोटा दांडा बाहेर येतो. ही एसएसव्हीची डबी. मोबाइल त्यावर रोखून व्हिडिओ चालू करा आणि गाडीत बसलेल्याला न्यूट्रलमध्ये हळूहळू ४०००च्या पुढे रेस द्यायला सांगा. दांडा हलला पाहिजे. हलला नाही तर प्रकरण सोपं झालं. हलला तरी सुटका नाही, कारण न्यूट्रलमध्ये थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो, म्हणजे व्हॅक्यूम भरपूर. तुमच्या गाडीत तो हलेल असा माझा कयास आहे. तो हललेला बघूनच एखादा हुशार मेकॅनिक म्हणेल की 'एसएसव्ही ओके'. तिथे फसू नका.

पुढची पायरी इंजिन बंद करून. डबीचा पाइप काढा आणि हाताच्या व्हॅक्यूम पंपाने ओढा. पंप नसेल तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी बारीक नळी आणा, काम होतं. ओढल्यावर दांडा सरकला पाहिजे, आणि नळी दाबून धरल्यावर तिथेच राहिला पाहिजे. सरकून हळूहळू परत आला तर डबीतला पडदा फाटलाय. सरकलाच नाही तर कार्बन. अडखळत, कुरकुरत सरकला तर कार्बन जमायला लागलाय. दांड्याच्या सांध्याला थोडं पेनिट्रेटिंग ऑइल देऊन हाताने हलकेच मागेपुढे करून मोकळा करता येतो, पण तो तात्पुरता दिलासा. पक्क्या म्हणाव्या अशा सफाईसाठी मॅनिफोल्ड उतरवावा लागतो आणि गॅस्केट आधी मागवून ठेवावी लागतात. इनटेकमध्ये क्लीनरचा अख्खा डबा फवारून 'सुटेल' म्हणणाऱ्याला थांबवा.

मग वन-वे व्हॉल्व्ह. काढण्याआधी फोटो घ्या, कुठलं तोंड कुठे होतं ते. तोंडाने फुंकून पाहा, एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. दोन्हीकडून गेली, अगदी किंचितही, तर तो बाद. त्या भागात एकसारखे दिसणारे सॉलेनॉइड शेजारी-शेजारी असतात. आधीच्या मालकाकडे कुणी मॅनिफोल्ड उतरवला असेल तर पाइपांची अदलाबदल झालेली असू शकते. सर्व्हिस मॅन्युअलमधली व्हॅक्यूमची आकृती समोर ठेवून एकेक पाइप बोटाने टाकीपर्यंत नेऊन पोचवा. कंटाळवाणं काम आहे, पण या तक्रारीचा निकाल बहुतेक इथेच लागेल.

शेवटची चाचणी रस्त्यावरची, आणि मला सगळ्यात आवडणारी. डबीच्या पाइपमध्ये टी-जॉइंट टाकून एक लांब नळी बॉनेटच्या फटीतून खिडकीतून आत आणा आणि तिला व्हॅक्यूम गेज लावा. नळी तापणाऱ्या किंवा फिरणाऱ्या कशाला लागणार नाही असं बघा. गेज शेजारी बसलेल्याच्या हातात, तुमची नजर रस्त्यावर. दुसऱ्या गिअरमध्ये ३००० पासून पूर्ण पाय. ३७५०च्या आसपास काटा उडी मारून वर गेला आणि वरच राहिला, तर टाकी आणि व्हॉल्व्ह ठीक. वर जाऊन लगेच गळाला किंवा गेलाच नाही, तर टाकीकडून व्हॅक्यूम येत नाही. हे एका मिनिटात कळतं. त्यासाठी इंजिन खोलायची गरज नाही.

ही चाचणी पाम बीच रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये करू नका, हे सांगावं लागतंय याचं कारण तुम्हाला माहीत आहे. या गाडीत दुसऱ्या गिअरमध्ये ४००० म्हणजे पन्नासच्या आसपास आणि ६००० म्हणजे सत्तरच्या जरा पुढे. तुमचा सगळा आजार याच पट्ट्यात आहे, त्यासाठी शंभरावर जायची गरजच नाही. ठाणे-बेलापूर रोडला रविवारी पहाटे, जिथे मर्यादेत बसतं तिथे, दोन-चार वेळा पुरे. घोडबंदरला गायमुखच्या चढावर इंजिनावर जोर चांगला येतो, पण तिथले खड्डे आणि कंटेनर बघता मी तरी सुचवणार नाही.

ईसीयूतले आकडे मोबाइलवर दाखवणारं ओबीडीचं ब्लूटूथ डोंगल असेल तर त्याच फेरीत आरपीएम, एअर फ्लो मीटरचे ग्रॅम (सेकंदाला आत जाणारी हवा), थ्रॉटलचा कोन, इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) नोंदवा. पूर्ण पायावर आरपीएम वाढतील तसे ग्रॅमही जवळपास त्याच प्रमाणात वाढायला हवेत. ते चार हजारांजवळ वाकले आणि सहाच्या पुढे पुन्हा उठले, तर हवेचा माझा अंदाज बरोबर. ग्रॅम सरळ वाढतायत आणि तरी गाडी बसतेय, तर मी चुकीच्या झाडावर दगड मारतोय. तेव्हा टायमिंग बघा, ते मागे पडत असेल तर नॉक सेन्सर, म्हणजे इंजिनातली ठकठक टिपणारा सेन्सर, काहीतरी ऐकतोय. थ्रॉटलचा कोन आपोआप कमी होत असेल तर ईसीयू जाणूनबुजून आवरतंय आणि त्याचं कारण वेगळं शोधावं लागेल. आणि ट्रिम बरीच वर चढलेली असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा भलत्या वाटेने शिरतेय. एअर फ्लो मीटर तेलकट झाला तरी आकडे खोटे येतात, म्हणून ही नोंद घेण्याआधी तो त्याच्याच क्लीनरने साफ करा. दुसरा कुठलाही स्प्रे त्यावर मारू नका, आतली तार नाजूक असते.

पाइप मिळायची चिंता नको. तुमचा जुना तुकडा खिशात घालून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात की त्याच मापाचा सिलिकॉन पाइप मिळेल. फक्त आतला व्यास जुळला पाहिजे, सैल पाइप क्लिप लावून घट्ट करायच्या फंदात पडू नका. आणि एक पाइप फुटला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही बदला. वन-वे व्हॉल्व्ह मूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याच मापाचा. डबी किंवा सॉलेनॉइड गेला असेल तर मात्र बाहेरून मागवावा लागेल. त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात, तोवर गाडी हलक्या पायाने चालवायला हरकत नाही.

आता ते ८५. या इंजिनाला माझदाचा किमान आकडा चौरस सेंटिमीटरला ६.९ किलो, म्हणजे ९८ पीएसआय. तोही सेल्फवर इंजिन मिनिटाला २५० फेऱ्यांनी फिरत असताना, गरम इंजिनावर, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. तुमच्या गॅरेजमध्ये यातलं किती पाळलं गेलं? पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी अर्धमेली असते. इंजिन २०० फेऱ्यांनी फिरलं तर आकडा आपोआप खाली येतो, आणि २००६च्या गाड्यांचा स्टार्टर मुळातच फार जोरकस नाही. दुसरं म्हणजे पिस्टनचं गेज वापरलं असणार. रोटरला तीन बाजू असतात, तीन चेंबर. पिस्टनचं गेज त्यातला सगळ्यात मोठा आकडा धरून ठेवतं आणि बाकीचे दोन लपवतं. म्हणजे ८५ हा तुमच्या सगळ्यात चांगल्या चेंबरचा आकडा. हे ऐकून खूश होण्यासारखं काही नाही, चाचणी नीट झाली असेल तर तो कमीच आहे. पण नीट झाली की नाही हेच माहीत नाही.

पुन्हा करून घ्या. रोटरीसाठीचा टेस्टर मिळाला तर सोन्याहून पिवळं. नाही मिळाला तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून टाका, म्हणजे काटा थांबून राहणार नाही, दर चेंबरला उडी मारेल. बॅटरी पूर्ण चार्ज, इंजिन गरम, इग्निशन आणि पेट्रोल बंद, पाय पूर्ण दाबलेला. मोबाइलने स्लो-मोशनमध्ये काटा चित्रित करा. आकडे तंतोतंत येणार नाहीत, पण तीन उड्या सारख्या आहेत की एक बुटकी आहे हे स्वच्छ दिसेल. दोन्ही रोटरच्या उड्या सारख्या आल्या तर इंजिन खोलायची घाई नाही. एक सतत बुटकी आली तर सील किंवा कोपऱ्याचं काहीतरी आहे आणि आज ना उद्या खर्च येणारच. तेव्हाही आधी एसएसव्ही दुरुस्त करा. नाहीतर इंजिन उघडून, नवे सील टाकून, लाखो रुपये मोजून गाडी बाहेर काढाल आणि ती चार हजारांना तशीच बसेल. आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

पुढच्या पावसाळ्यासाठी एवढं करा. ही गाडी दोन मिनिटं स्टार्ट करून बंद करू नका. थंड इंजिन लगेच बंद केलं की आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, काजळी वाढते. सुरू करायची तर पूर्ण गरम होऊ द्या, शक्यतो एक चक्कर मारून आणा, आणि गरम झाल्यावर कधीतरी टॅकोमीटरचा काटा वरपर्यंत जाऊ द्या. नाहीतर सुरूच करू नका, बॅटरीला चार्जर लावून ठेवा. दर दुसऱ्या टाकीला ऑइलची पातळी बघा, ही गाडी ऑइल खाते आणि खायलाच पाहिजे. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल डोळ्यापुढे ठेवून या गाडीचे पाइप बनलेले नाहीत, तेव्हा तपासणी करताना पेट्रोलच्या पाइपांचे सांधेही हुंगून बघा. उभी ठेवताना बॉनेटखाली उंदरांचा बंदोबस्त करा. विष ठेवलंत तर मेलेला उंदीर तिथेच सडतो, म्हणून पिंजरा बरा.

बाबांना सांगा, भंगारवाला तिच्या वजनाचे पैसे देईल आणि त्यात तुमचं काहीच भागणार नाही. 'इंजिनच बदलून दुसऱ्या कंपनीचं बसवू' असं कुणी सुचवलं तर त्याला आधी आरटीओची परवानगी कशी काढणार ते विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला माहीत असलं पाहिजे. २००६ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण झालेली असणार. नोंदणीतला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळला नाही तर पुढच्या वेळी वाशीच्या आरटीओत उत्तर द्यायला तुम्हीच उभे असाल.

गॅरेजवाल्याशी भांडू नका, पुढे कधीतरी त्याच्या लिफ्टची गरज लागेल. त्याला एवढंच सांगा की इंजिन खोलायच्या आधी तुम्हाला कॉम्प्रेशन गरम इंजिनावर, चार्ज केलेल्या बॅटरीवर, तुमच्यासमोर पुन्हा बघायचंय, आणि त्याचे वेगळे पैसे तुम्ही द्याल. कबूल झाला तर माणूस कामाचा आहे, पाइपांचं कामही त्यालाच द्या. टाळाटाळ केली तर गाडी चालवत घरी आणा, अर्ध्या पायाने ती येईलच. मग गेजच्या काट्याचा व्हिडिओ आणि एअर फ्लोची नोंद मला पाठवा.